तम्मूजासाठी रडणाऱ्या स्त्रिया : ‘मरणारे-उठणारे देव’ या कल्पनेचे परीक्षण

पुनरुत्थानाच्या सणाच्या आगेमागे पाळकांना व धर्मशिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा महाविद्यालयात शिकणारा तरुण असतो आणि त्याच्या प्रश्नामागे खोडसाळपणापेक्षा प्रामाणिक अस्वस्थताच अधिक असते. मिसरात ओसिरिस, बाबेलात तम्मूज, फिनिकेत अडोनिस, फ्रुगियात आतिस; मरून पुन्हा उठलेले इतके देव येशूच्या आधीच होऊन गेले असतील, तर त्या मालिकेत आणखी एका नावाची भर पडली, यापलीकडे ईस्टरचे वैशिष्ट्य ते काय, असे तो विचारतो.

या प्रश्नाची उत्तरे जुनी आहेत. दुसऱ्या शतकाच्या मध्यास हुतात्मा जस्टिन याने आपल्या पहिल्या समर्थनग्रंथात दोन उत्तरे एकाच वेळी दिली. तुम्ही ज्यूसच्या पुत्रांविषयी जे मानता त्याहून फार वेगळे असे आम्ही काय सांगतो, असे तो एका ठिकाणी रोमी राज्यकर्त्यांना विचारतो. आणि दुसऱ्या ठिकाणी म्हणतो की, ख्रिस्ताविषयीची भाकिते ऐकून दुरात्म्यांनी तशा कथा आधीच पसरवून ठेवल्या. विसाव्या शतकात सी. एस. लुईस यांनी १९४४ च्या एका निबंधात तिसरे उत्तर मांडले : जे दैवतकथेत स्वप्नवत होते ते ख्रिस्ताच्या ठायी इतिहासात घडले. या तिन्ही उत्तरांबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. साम्य खरेच आहे, हे तिन्हींत गृहीत धरलेले आहे. प्रस्तुत लेखात ते गृहीतच तपासावयाचे आहे.

१. मालिका कोणी गुंफली?

आज आपल्या कानावर येणारी मालिका प्रामुख्याने एका ग्रंथकाराची आहे. सर जेम्स जॉर्ज फ्रेझर (१८५४–१९४१) हे केंब्रिजचे स्कॉटिश पंडित. त्यांचा ‘द गोल्डन बाऊ’, म्हणजे ‘सुवर्णशाखा’, हा ग्रंथ १८९० साली दोन खंडांत निघाला. १९०० साली तो तीन खंडांचा झाला आणि १९०६ ते १९१५ या काळातील तिसऱ्या आवृत्तीत बारा खंडांपर्यंत वाढला. १९२२ साली एका खंडातील संक्षेप निघाला व तोच जगभर वाचला गेला. इटलीतील नेमी सरोवराकाठच्या डायानाच्या वनात, पूर्वीच्या पुजाऱ्याला ठार मारणाराच नवा पुजारी होई; या एका विलक्षण प्रथेचा उलगडा करण्यासाठी फ्रेझर निघाले आणि जगातील जवळजवळ प्रत्येक खंडातील चालीरीती गोळा करून परतले.

त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा : ओसिरिस, तम्मूज, अडोनिस व आतिस ही एकाच गोष्टीची चार नावे आहेत. वनस्पती दरवर्षी सुकते व पुन्हा उगवते. मनुष्याने या घटनेला देवाचे रूप दिले, त्याच्या मरणाचा शोक केला आणि त्याच्या उठण्याचा उत्सव केला. ख्रिस्ताच्या क्रूसमरणाचा संबंध पूर्वेकडील अशाच एका सणाशी जोडणारा तर्क त्यांनी दुसऱ्या आवृत्तीत मांडला; तिसऱ्या आवृत्तीत तो परिशिष्टात ढकलला; संक्षेपातून तो अजिबात गाळला. मूळ सूत्रधारच इतका साशंक होता, हे मालिका पाठ म्हणणाऱ्यांना ठाऊक नसते.

फ्रेझर यांच्याविषयी न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. त्यांचे वाचन अफाट होते आणि गद्य रसाळ होते. दूरच्या लोकांच्या व्रतांना व शोकविधींना सुशिक्षित वाचकाच्या दृष्टिपथात आणण्याचे मोठे काम त्यांनी केले. परंतु त्यांची पद्धत संग्राहकाची होती. कथेतून एक तुकडा उचलायचा, तसाच तुकडा दुसऱ्या कथेतून उचलायचा आणि दोन्ही एका खणात ठेवायचे. यात काय हरवते, ते आपल्याला घरच्या उदाहरणावरून कळेल. ग्रीस देशात अडोनिसच्या सणाला स्त्रिया फुटक्या मडक्यांत माती घालून गहू, सातू, बडीशेप अशी झटपट उगवणारी बी पेरीत व ती रोपे घराच्या छपरावर ठेवीत. आपल्याकडे नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात. खण एकच. पण घटातील कोवळे तुरे दसऱ्याला देवाला वाहतात, कित्येक गावी टोपी-पागोट्यात खोवतात. अडोनिसची रोपे मात्र उन्हात कोमेजू देत आणि मग पाण्यात फेकून देत. एकात पिकाची मंगल आशा आहे, दुसऱ्यात अकाली मरणाचे चित्र आहे. कृती सारखी, अर्थ उलटा. ज्याने केवळ माती आणि बी पाहिले त्याला यांतले काहीच दिसणार नाही.

२. एकेक नाव

मालिकेतील सर्वांत जुने नाव तम्मूज, म्हणजेच सुमेरी दुमुझी. फ्रेझर लिहीत होते तेव्हा इश्तार देवी पाताळात उतरल्याची अक्कादी कथा उपलब्ध होती. तिचा शेवट संदिग्ध होता. मृत प्रियकराला परत आणण्यासाठीच देवी गेली असावी, असे अभ्यासकांनी मानले. पुढे सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी विखुरलेल्या मृत्पट्टिका जुळवून मूळ सुमेरी काव्याची संगती लावली, तेव्हा कथा नेमकी उलटी निघाली. इनान्ना देवी स्वतःच्या इच्छेने पाताळात जाते. सात द्वारांवर तिची सात आभूषणे व वस्त्रे उतरवली जातात. तिची बहीण एरेश्किगल ही मृतांची राणी. तिच्यापुढे इनान्ना मरते आणि तिचे प्रेत खुंटीला टांगले जाते. तीन दिवस व तीन रात्री लोटल्यावर तिची दासी देवांकडे धावते. दोन देव हात झटकतात. तिसरा, एन्की, आपल्या नखांतील मळापासून दोन क्षुद्र जीव घडवून पाठवतो. ते पाताळात जाऊन काय करतात? एरेश्किगल वेदनेने कण्हत असते. ती कण्हली की तेही तिच्याबरोबर कण्हतात. आपले दुःख कुणी आपले म्हटले, एवढ्यानेच मृत्यूची राणी द्रवते व प्रेत देऊन टाकते. मग त्यावर जीवनाचे अन्न व जीवनाचे पाणी शिंपडले जाते आणि इनान्ना उठते.

पण पाताळातून कोणी फुकट सुटत नाही. तिच्या बदल्यात दुसरा कोणी द्यावा लागतो. जे तिच्यासाठी शोक करीत होते त्यांना ती सोडते. आपला पती दुमुझी मात्र उंची वस्त्रे नेसून सिंहासनावर बसलेला तिला दिसतो आणि ती त्यालाच दूतांच्या हवाली करते. म्हणजे प्रियकराला सोडवणारी देवी ही पंडितांची कल्पना. काव्यातील देवीने त्याला धाडले, कारण तो रडला नाही. दुमुझी परत येतच नाही, असे क्रेमर काही काळ मानत होते. नव्याने वाचलेल्या ओळींच्या आधारे १९६६ साली त्यांनी आपले मत दुरुस्त केले. दुमुझीची बहीण गेश्तिनान्ना त्याच्यासाठी स्वतःला पुढे करते. अर्धे वर्ष तो पाताळात, अर्धे वर्ष ती. हे पुनरुत्थान म्हणावे की वाटणी?

ओसिरिसची कथा सलग स्वरूपात आपल्याला ग्रीक लेखक प्लूटार्क याच्याकडून मिळते, आणि तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. सेथ आपल्या भावाला मारतो, पुढे त्याच्या देहाचे चौदा तुकडे करून विखुरतो. इसिस ते शोधत रानोमाळ हिंडते. मिसरी परंपरेत ओसिरिस जिवंत होतो हे खरे. पण तो या जगात परतत नाही. तो मृतांचा राजा होतो, आणि प्रत्येक मेलेला मिसरी मनुष्य त्याचे नाव धारण करून त्याच्यापुढे जातो. ओसिरिसच्या आकाराच्या चौकटीत माती भरून धान्य उगवत व ती थडग्यात ठेवीत. तूतनखामेनच्या थडग्यातही अशी चौकट मिळाली. रोप आहे, आशाही आहे. पण ती आशा थडग्याच्या आतली आहे.

अडोनिस व आतिस यांच्याबाबत थोडक्यात आटोपता येईल. अडोनिसला रानडुक्कर मारते. त्याच्या पुन्हा जिवंत होण्याचे उल्लेख लुसियन, ओरिगेन व जेरोम यांच्याकडे, म्हणजे दुसऱ्या शतकापासून पुढे सापडतात. आतिसविषयी आर्नोबियस सांगतो की, ज्यूपिटरने एवढेच वरदान दिले : देह कुजू नये, केस वाढत राहावेत आणि करंगळी हलत राहावी. २५ मार्चच्या आनंदोत्सवाचा पुरावा फार उशिराचा, चौथ्या शतकाच्या पंचांगातला आहे. ज्या कथा ख्रिस्ती संदेशानंतर लिहिल्या गेल्या त्यांतून तो संदेश निघाला, असे म्हणणाऱ्यावर पुराव्याचे ओझे आहे.

बआलची गोष्ट निराळी. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याच्या नांगराला थडगे लागले आणि पुढील वर्षीपासून रास शामरा येथे प्राचीन उगारित नगर उजेडात आले. तेथील पट्टिकांत मोत, म्हणजे मृत्यू, बआलला गिळतो. अनात देवी मोतला पकडून चिरते, पाखडते, भाजते, दळते आणि शेतात पेरते. मधला काही मजकूर नष्ट झाला आहे. पुढे एल देवाला स्वप्न पडते की आकाशातून तेल वर्षत आहे व ओढ्यांतून मध वाहत आहे, आणि त्यावरून त्याला कळते की बआल जिवंत आहे. कर्मेल डोंगरावर एलीयाने बआलच्या संदेष्ट्यांना जे टोमणे मारले त्यांचे मर्म हे काव्य वाचल्यावर अधिक कळते. दुष्काळात पावसाचा देव कुठे गेला होता, हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता.

३. खंडन आणि त्याचा मोह

१९८७ साली मिर्चा एलियाद यांच्या संपादनाखाली निघालेल्या धर्मविश्वकोशात जोनाथन झेड. स्मिथ यांनी ‘मरणारे व उठणारे देव’ हा वर्गच बव्हंशी भ्रामक असल्याचा निर्वाळा दिला : काही देव मरतात पण परतत नाहीत, काही परततात पण मेलेलेच नसतात. २००१ साली स्वीडिश पंडित ट्रिग्वे मेटिंगर यांनी या निर्णयाचा प्रतिवाद केला. दुमुझी, बआल व सोरचा मेल्कार्त यांच्याबाबत मरण व परतणे दोन्ही मानावे लागते, असे त्यांनी दाखवले. मात्र येशूच्या पुनरुत्थानाचा संदेश या कथांपासून रचला गेल्याचा पुरावा नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले.

स्मिथ यांचे खंडन वाचून कोणा उपदेशकाला हर्ष होणे स्वाभाविक आहे. शत्रूची तोफ निकामी झाली, असे त्याला वाटते. पण हा हर्ष दोन कारणांनी तपासून घ्यावा. एक तर खंडन अर्धेच टिकले आहे. मेटिंगर यांच्यानंतर ‘असा एकही देव नव्हता’ असे व्यासपीठावरून सांगणे सत्यास धरून होणार नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. फ्रेझर यांनी या देवांना ख्रिस्ताच्या बरोबरीने बसवण्यासाठी वापरले. आपण त्यांना ख्रिस्ताच्या पायाखाली घालण्यासाठी वापरतो. वापरणे दोन्हीकडे सारखेच. कथा वाचण्याचे दोघांनीही टाळले.

४. रडणारीचे काय झाले?

मग कथा वाचावी कशी? पवित्र शास्त्रच येथे वाट दाखवते. यहेज्केल ८:१४ मध्ये संदेष्ट्याला परमेश्वराच्या मंदिराच्या उत्तरद्वारी तम्मूजासाठी रडत बसलेल्या स्त्रिया दिसतात. तो त्याला अमंगळ प्रकार म्हणतो, आणि परमेश्वराच्या घरात दुसऱ्या देवासाठी चाललेल्या त्या विधीला दुसरे नाव असूही शकत नाही. पण ध्यानात घ्यावे की संदेष्ट्याला तम्मूज दिसला नाही. रडणाऱ्या स्त्रिया दिसल्या.

दुसरे वचन याहून आश्चर्यकारक आहे. जखऱ्या १२:११ मध्ये यरुशलेमेच्या महाशोकाला मगिद्दोच्या खोऱ्यातील हदद्रिम्मोनाच्या शोकाची उपमा दिली आहे. काहीजण हे गावाचे नाव मानतात. पण हदाद व रिम्मोन ही वादळाच्या देवतेची नावे असल्याने, या देवासाठी होणाऱ्या वार्षिक विलापाचाच हा उल्लेख आहे असे अनेक भाष्यकारांचे मत आहे. ते मान्य केले, तर संदेष्ट्याने शोकाचे माप म्हणून अन्य दैवताच्या शोकाकडे बोट दाखवले आहे. आणि याच्या लगतचेच वचन, ज्याला भोसकले त्याच्याकडे पाहण्याचे, योहान क्रूसापाशी उद्धृत करतो (योहान १९:३७). तम्मूजाचा विलाप मंदिरात धिक्कारणारे शास्त्र त्याच जातीच्या विलापाची भाषा मशीहाच्या शोकासाठी उसनी घेऊ शकते.

म्हणून ‘देव उठला की नाही’ एवढाच प्रश्न विचारून कथा बंद करू नये. ‘जी रडत होती तिचे काय झाले’ हाही प्रश्न विचारावा, म्हणजे मालिकेतील प्रत्येक नाव स्वतःच्या पायांवर उभे राहते. गेश्तिनान्नाला भाऊ अर्धाच मिळतो, आणि त्यासाठी तिला स्वतः अंधारात जावे लागते. इसिसला पती मिळत नाही, पुत्र मिळतो. अनातच्या अश्रूंचे रूपांतर क्रोधात होते व पाऊस परततो. पण सातव्या वर्षी मोत पुन्हा लढायला येतो. अथेन्सच्या स्त्रियांच्या हाती कोमेजलेली रोपे उरतात. तेराव्या शतकातील आइसलंडचा स्नोरी सांगतो की, बाल्डरला परत आणण्यासाठी देवांच्या विनवणीवरून माणसे, पशू, दगड व धातू सारे रडले. एक राक्षसी मात्र रडली नाही, आणि तेवढ्याने बाल्डर मृतलोकातच राहिला. आपल्या वाचकांना रतीचा विलाप आठवेल. ‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गात भस्म झालेल्या मदनासाठी ती आक्रोश करते, आणि शिवपार्वतीच्या विवाहानंतर पती सदेह मिळेल या आकाशवाणीवर प्राण धरून राहते.

यांतील एकही कथा केवळ गव्हाच्या दाण्याविषयी नाही. दाणा हे रूपक आहे. विषय आहे मरणापुढची मनुष्याची असहायता, आणि रडण्याने काही बदलते का, ही शंका. फ्रेझर यांच्या खणात नेमकी हीच गोष्ट मावली नाही.

५. बागेतील स्त्री

योहानाच्या विसाव्या अध्यायातही एक स्त्री रडत उभी आहे. स्थळ बाग आहे, आणि समोर उभ्या असलेल्याला ती माळी समजते. आतापर्यंतच्या कथा ज्याने वाचल्या आहेत त्याला ही बाग ओळखीची वाटेल, आणि ती तशी वाटल्याने भिण्याचे कारण नाही. शुभवर्तमानाने बीजाची भाषा टाळलेली नाही. मातीत पडून मरणाऱ्या दाण्याची उपमा प्रभूने स्वतः दिली (योहान १२:२४), आणि पौलाने पुनरुत्थित देहाची चर्चा पेरणीच्याच भाषेत केली (१ करिंथ. १५). तेव्हा ‘आमचे सारेच वेगळे’ हे म्हणणे शास्त्राच्याच विरुद्ध जाते.

वेगळेपण कोठे आहे? पौल त्याच अध्यायाच्या आरंभी बीजाविषयी बोलत नाही. तो आपल्याला सोपवण्यात आलेली साक्ष सांगतो आणि माणसे मोजतो : केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतील पुष्कळ अजून हयात आहेत, याकोब. दुमुझीच्या कथेत साक्षीदार नसतात, कारण तिला त्यांची गरज नाही. ती प्रतिवर्षी घडते. आपल्या विश्वासांगीकारात मात्र एका रोमी अधिकाऱ्याचे नाव आहे, आणि त्या पिलाताच्या नावाचा शिलालेख १९६१ साली कैसरियात सापडला. शिलालेखाने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, हे विद्यार्थ्यांना निःसंदिग्धपणे सांगावे. परंतु ही कथा कोणत्या जातीची आहे, ती तपासासाठी स्वतःला कोठे उघडी करते, हे त्यावरून दिसते.

दुसरे वेगळेपण त्या स्त्रीच्या वाट्याला काय आले यात आहे. तिला अर्धे वर्ष मिळत नाही. ऋतू मिळत नाही. मृतलोकातील राजाची प्रजा होण्याचे आश्वासन मिळत नाही. तिला तिच्या नावाने हाक मारली जाते, बिलगून राहण्यास मनाई होते आणि बंधूंकडे निरोप घेऊन धाडले जाते. जो उठला तो पुन्हा मरत नाही, असे पौल रोमकरांस सांगतो (६:९). म्हणून उत्तम शुक्रवारचा आपला वार्षिक शोक त्याला उठवण्यासाठी नसतो. जगाच्या दैवतकथांत स्त्रियांनी इतकी वर्षे विचारलेल्या प्रश्नाला येथे जे उत्तर मिळते ते मानायचे की नाही, हे प्रत्येकाने ठरवावयाचे आहे. पण प्रश्न तोच आहे, हे नाकारता येणार नाही.

जेरोमने एका पत्रात लिहिले आहे की, बेथलेहेमावर एके काळी तम्मूजाच्या वनाची छाया होती, आणि ज्या गुहेत बाळ ख्रिस्त रडला तेथेच अडोनिससाठी विलाप होई. जेरोमला यात पवित्र स्थळाची विटंबना दिसली, आणि त्याच्या काळी ते साहजिकच होते. आपण मात्र त्या गुहेतील दोन्ही रडणी ऐकावीत. पुढच्या ईस्टरला कोणी तरुण ती मालिका घेऊन आला, तर त्याच्याशी नावांची मोजदाद करीत बसू नये. त्यातील एक कथा, इनान्नाची किंवा बआलची, त्याच्यासह आरंभापासून अखेरपर्यंत वाचावी आणि मग योहानाचा विसावा अध्याय वाचावा. ज्या धर्मशिक्षकाला मृताच्या घरी जाऊन बसावे लागते त्याला हे वाचन वर्गाबाहेरही उपयोगी पडेल. कारण तेथे जे ऐकू येते ते कोणत्याही एका धर्माचे रडणे नसते.